आबांची लाइन

पहाटे साडेपाच

डबेवाला आपल्या दारात नऊला येतो म्हणून त्याचा दिवसही नऊलाच उजाडतो, असं आपण धरून चालतो. जोगेश्वरीतल्या या खोलीत साडेपाचला चहाचं दुसरं पातेलं चढलेलं असतं. नळाचं पाणी सहाला जातं, त्यामुळे आंघोळी, कपडे सगळं त्याच्या आत उरकायचं. राहणारे सगळे खेड तालुक्यातल्या एकाच गावचे, बहुतेक एकाच भावकीतले, गळ्यात तुळशीची माळ घातलेले. जूनचा दुसरा आठवडा असल्यानं कालचे लेंगे अजून ओलेच आहेत आणि पंख्याखाली कोणाचा सदरा टांगायचा यावर वाद चाललाय. वाद घालतानाही एकमेकांना ‘माउली’च म्हणतात. “माउली, तुमचा काढा आता, माझा ओलाचिंब हाय.”

यांच्यातले आबा एप्रिलमध्ये गेले. गावच्या जत्रेसाठी वर्षातून एकदा चारपाच दिवस हे लोक सगळे डबे बंद ठेवून गावी जातात. त्या सुट्टीतच एका रात्री आबा जेवून झोपले ते उठले नाहीत. सुट्टी संपली त्या दिवशी त्यांचा अख्खा गट मुंबईत कामावर हजर होता. पुतण्या तेवढा दहाव्यासाठी मागे राहिला. “सगळेच थांबलो असतो तर आबांनीच शिव्या घातल्या असत्या,” असं मुकादम म्हणाले. मुकादम म्हणजे गटाचा म्होरक्या. डबे वर्गवारीला लावायचे, हिशेब ठेवायचा, भांडणं मिटवायची ही सगळी कामं त्याचीच.

विलेपार्ल्याला आमच्या घरून माझा डबा उचलायचे ते आबा. मात्र डबा घरातून ऑफिसात पोचेपर्यंत तीनचार माणसांच्या हातांतून जातो, आणि माझ्या टेबलाशी तो आणून ठेवणारा माणूस निराळा. मी सव्वाआठला घर सोडायचे, आबा नऊला यायचे. पाचला ते रिकामा डबा परत द्यायचे, मी सातला घरी यायचे. त्यामुळे आजारपण आणि रजा सोडल्या तर आमची गाठ पडायची नाही. आबांच्या दोन्ही मुलींची लग्नं, गुडघ्याचं दुखणं, गावच्या विहिरीचा वाद हे सगळं सासूबाईंना ठाऊक होतं. मला ठाऊक होतं ते फक्त त्यांचं अक्षर. डब्याच्या झाकणावर रंगानं काढलेलं, थोडं उजवीकडे कललेलं. म्हणून एक दिवस रजा टाकली आणि डब्याच्या मागोमाग जायचं ठरवलं.

साडेआठ

आबांची सायकल आता पुतण्याकडे आहे. बावीस इंची, काळी, दांड्याची. कंपनीचं नाव केव्हाच खरवडून गेलंय, पण ती ॲटलासच आहे असं सगळे शपथेवर सांगतात. (ॲटलासचा साहिबाबादचा कारखाना 3 जून 2020 ला बंद झाला. तो दिवस जागतिक सायकल दिन होता, आणि ही थट्टा कोणी मुद्दाम केली नव्हती.) कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना लोखंडी आकडे, हँडलला आणखी दोन. पुढचं मडगार्ड काढून टाकलंय. मागच्या चाकाला मात्र जाड तारा. इतका भार रोज पडतो की साध्या तारांचं चाक महिन्याभरात आउट होतं. आबा आउट स्वतः काढायचे. सायकल उलटी करून चाक फिरवायचं, एका डोळ्यानं पाहायचं आणि चावीनं तार पाव आटा कसायची. पुतण्याला ते अजून जमत नाही. तो स्टेशनजवळच्या दुकानात पैसे देतो आणि मुकादमांची बोलणी खातो.

या धंद्यात उतरणाऱ्यानं स्वतःच्या दोन सायकली, डबे वाहायची लाकडी पाटी, पांढरा सदरा-लेंगा आणि टोपी घेऊन यायचं, अशी जुनी रीत आहे. हेच त्याचं भांडवल. त्यामुळे माणूस गेला तरी सायकल थांबवणं परवडत नाही. अमेरिकेत आणि युरोपात रस्त्यावर सायकलस्वार मारला गेला, तर त्या जागी पांढरी रंगवलेली सायकल साखळीनं बांधून ठेवतात. 2003 साली सेंट लुईस शहरात हे सुरू झालं, मग जगभर पसरलं. न्यूयॉर्क-लंडनच्या सायकल-कुरिअरवाल्यांतही मित्र गेला की सगळे मिळून सायकलींवरून फेरी काढतात. हे मी मुकादमांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग त्याचं गिऱ्हाइक कोण करतं?”

नऊ ते सव्वादहा

हा तास सांगून समजणार नाही, पण प्रयत्न करते. पार्ले पूर्वेच्या हनुमान रोडच्या अलीकडच्या-पलीकडच्या गल्ल्यांतले तीसएक डबे तासाभरात गोळा करून स्टेशनवर आणायचे. निम्म्या इमारती जुन्या, लिफ्ट नसलेल्या. उरलेल्या पाडून तिथे बुरूज उभे राहिलेत. त्यांना लिफ्ट दोन आहेत, पण डबेवाल्यानं मागच्या लिफ्टनं जायचं, आणि त्याआधी गेटवर नोंद करायची. पूर्वी आबा खालूनच हाळी देत आणि वरून पिशवी दोरीनं खाली येई. आता वॉचमन फोन लावतो, फोन लागत नाही, आणि पुतण्या घड्याळाकडे बघत उभा राहतो.

आबांचा आवाज या गल्ल्यांत प्रसिद्ध होता. कुकरची शिट्टी राहिली असं कोणी म्हणालं की ते जिन्यातूनच ओरडत, “वैनी, गाडी काय माझ्या सासऱ्याची न्हाई!” हे वाक्य मला त्या तासात चार घरांतून, चार निरनिराळ्या बायकांनी त्यांच्या आवाजाची नक्कल करून ऐकवलं. एकीचे डोळे भरून आले, आणि त्या भरात चटणीची डबी द्यायची राहिली ती तिनं तिसऱ्या मजल्यावरून हाका मारत आणून दिली. ते प्रेमळ होते असं कोणी म्हटलं नाही. ते वेळेवर होते, असं सगळ्यांनी म्हटलं, आणि म्हणताना बहुतेकींना प्रेमळच म्हणायचं होतं.

पुतण्याच्या खिशात आबांची लांबट वही आहे. तिच्यात फक्त पैशांचे हिशेब. बाकीचं सगळं त्यांच्या डोक्यात होतं आणि ते त्यांच्याबरोबर गेलं. तळमजल्यावर रात्रपाळीचा माणूस झोपलेला असतो, तिथे बेल दाबायची नाही, कडी वाजवायची. कोपऱ्यावरच्या आजींना ऐकू येत नाही, त्यांची पिशवी खिडकीच्या गजाला लटकलेली असते. गुरुवारी एका घरून डबा नाही, पण संकष्टीला त्याच घरून दोन, कारण साहेबांच्या शेजारच्या टेबलावरचा माणूस एकटा राहतो आणि उपासाचं खातो. यातलं एकेक पुतण्याला एकेका चुकीनं कळलं. पहिल्या आठवड्यात त्यानं रात्रपाळीवाल्याची बेल दाबली होती आणि तो दार उघडून काही न बोलता नुसता बघत उभा राहिला, असं त्यानं मला सांगितलं.

तो चोवीस वर्षांचा आहे. बारावी झाल्यावर दोन वर्षं एका ॲपसाठी जेवण पोचवायचं काम मोटरसायकलवर केलं. पैसे कधी जास्तही मिळायचे. “पण रोज नवं दार. परत त्या दारात जायाचंच न्हाई म्हटल्यावर माणूस कशाला वळख ठेवील?” तो हे तक्रारीच्या सुरात म्हणाला नाही, पायडल मारता मारता, मागे न बघता म्हणाला.

सव्वादहा, पार्ले स्टेशन

स्टेशनबाहेरच्या फुटपाथवर चारपाच सायकली येऊन लागतात आणि दहा मिनिटांत शेदीडशे डबे जमिनीवर मांडले जातात. कोणी मोठ्यानं बोलत नाही. झाकणावर मधोमध मोठा आकडा, तो उतरायच्या स्टेशनाचा. 3 म्हणजे चर्चगेटकडचा, नरिमन पॉइंटचा पट्टा. बाजूला लहान अक्षरांत पुढच्या माणसाचा नंबर, इमारतीची खूण आणि मजला. माझ्या डब्यावर ‘9 इएक्स 12’ आहे. नववा माणूस, एक्स्प्रेस टॉवर्स, बारावा मजला. कडेला पार्ल्याची खूण आणि कुठल्या गल्लीचा डबा त्याचं एक अक्षर. संध्याकाळी परतीच्या वाटेवर तेच कामाला येतं. नाव नाही, पत्ता नाही, फोन नंबर नाही. पूर्वी रंगीत दोरे बांधत. हल्ली रंग आणि मार्कर.

लाकडी पाटीत चाळीसएक डबे बसतात. वजन साठ किलोंच्या पुढे. दोघांनी उचलायची आणि तिसऱ्याच्या डोक्यावर द्यायची. ज्याच्या डोक्यावर पाटी असेल त्याच्यासाठी पार्ल्याच्या जिन्यावरची गर्दी बाजूला होते. मुंबईत मंत्र्याच्या गाडीलासुद्धा इतक्या तत्परतेनं वाट मिळताना मी पाहिलेली नाही.

गाडी जेमतेम अर्धा मिनिट थांबते. लगेजच्या डब्याचा पास माझ्याकडे नाही, म्हणून मी शेजारच्या लेडीजमध्ये. जाळीतून पलीकडचं दिसत होतं: कोळणींच्या टोपल्या, भाजीचे भारे आणि त्यांच्यामध्ये पाट्या एकावर एक. खार येईपर्यंत कोणीतरी हरिपाठाची सुरुवात केली. एरवी ती आबा करायचे असं नंतर कळलं. महिनाभर कोणी करत नव्हतं. मग एका कोळणीनंच विचारलं, काय रे, देव सोडला की काय?

साडेअकरा, चर्चगेट

इथे पश्चिम रेल्वेच्या सगळ्या बाजूंनी आलेले डबे पुन्हा जमिनीवर येतात आणि पुन्हा वाटले जातात. हातगाड्या भरतात. फोर्टात एक जाते, मंत्रालयाकडे एक, नरिमन पॉइंटला एक. काही डबे पुन्हा सायकलींवर चढतात. परदेशी पाहुणे फोटो काढतात ते इथे. नोव्हेंबर 2003 मध्ये इंग्लंडचे युवराज चार्ल्स याच फुटपाथवर यांना भेटून गेले आणि 2005 साली त्यांच्या लग्नाचं आमंत्रण दोन डबेवाल्यांना आलं, हे या लोकांना पाठ आहे. पण ते सांगण्याचा त्यांना आता कंटाळा आलाय असं वाटलं. तसंच ते ‘सिक्स सिग्मा’चं. 1998 साली ‘फोर्ब्स’ मासिकात यांच्या अचूकपणावर लेख आला, आणि तेव्हापासून दीड कोटी डब्यांत एक चूक वगैरे आकडे व्याख्यानांतून फिरू लागले. तसलं प्रमाणपत्र त्या मासिकानं दिलं नव्हतं. मुकादमांचं म्हणणं साधं आहे: चुका होतात, पावसाळ्यात जास्त होतात, आणि झाली की त्या दिवशीच कळते, कारण कोणीतरी उपाशी राहतं. मला हे प्रमाणपत्रापेक्षा जास्त पटलं.

1890 च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी एका पारशी बाबूचा डबा पोचवण्यापासून हा धंदा सुरू केला असं सांगतात. तेव्हापासून माणसं आली ती खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळ, मुळशी, अकोले या मावळपट्ट्यातून. पाच हजारांच्या घरात होते. मार्च 2020 मध्ये लोकल बंद झाली तशी बहुतेकांनी गावची वाट धरली. काही शेतीत रमले, काही रिक्षावर गेले, आणि जे परत आले ते निम्म्याहूनही कमी. आबांची सायकल त्या काळात पार्ले स्टेशनच्या कुंपणाला बांधलेलीच राहिली होती. ते परतले तेव्हा टायर मातीला चिकटले होते आणि गिऱ्हाइकं पस्तीसावरून सातावर आली होती. त्या सातांसाठी ते गावातून आणलेल्या नव्या ट्यूबवर रोज फिरले. घरोघरी जाऊन विचारायचे, ऑफिस उघडलं का? उघडलं नसेल तर पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारायचे. आमच्याकडेही आले होते. माझं ऑफिस तेव्हा घरातल्या जेवणाच्या टेबलावर होतं, आणि टेबलापासून स्वयंपाकघर चार पावलांवर.

एक

माझा डबा बारा चाळीसला बाराव्या मजल्यावर पोचला. तो आणणाऱ्याला मी एरवी ‘दादा’ म्हणते आणि बाकी काहीच बोलत नाही. आज मी त्याच्याच मागून लिफ्टमधून बाहेर पडले तेव्हा ऑफिसातले लोक बघत राहिले. दादांनी आमचं घर कधी पाहिलेलं नाही. माझ्या घरी कोण स्वयंपाक करतं हे त्यांना ठाऊक नाही. पण ऑफिसात कोणाच्या डब्यात साखर चालत नाही, कोणाचा डबा भरलेला परत जातो, बाराव्या मजल्यावरचे कोणते दोघे बोलत नाहीत, हे सगळं त्यांना ठाऊक. जेवण न खाता डबा बंद करून ठेवला तर वजनावरून कळतं, असं म्हणाले. मी गप्प बसले.

दीडच्या सुमाराला डबेवाले जेवायला बसतात, झाडाखाली, फुटपाथवर, स्वतःचे डबे उघडून. बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत, एकाकडे खेडहून आलेला ठेचा. तिथे आबांचा तिसरा अवतार ऐकायला मिळाला. पार्ल्याच्या बायकांना ते दटावणारे आबा ठाऊक. सासूबाईंना गुडघा दुखणारे आबा. इथे ते गटाचे सावकार होते, बिनव्याजी पण चोपून वसूल करणारे. टोपी न घालता आलेल्याला दंड करायचा आग्रह त्यांचाच. तंबाखू मात्र स्वतः खायचे आणि त्याचा दंडही स्वतःच भरायचे, दर महिन्याला, आगाऊ. यावर सगळे इतके हसले की पलीकडच्या बाकावरचे वकील वळून बघू लागले.

26 जुलै 2005 ची गोष्ट त्यांच्यातल्या प्रत्येकाला सांगायची होती. रिकामे डबे घेऊन परतीच्या गाडीत बसलेले आबा माहीमच्या अलीकडे अडकले. रात्र गाडीतच. सकाळी रुळांवरून चालत बांद्रा, डोक्यावर अर्धी पाटी. उरलेली अर्धी एका अनोळखी घरात ठेवून आले. पार्ल्यात पोचले, डबे वाटले, दुसऱ्या दिवशी जाऊन उरलेले आणले. एका घरी डबा न धुता गेला म्हणून बाई रागावल्या, तेव्हा आबा म्हणाले, “माझाच कपडा अजून धुतला न्हाई, वैनी.” ही गोष्ट सांगताना दोघांत वाद झाला. एक म्हणे माहीम, दुसरा म्हणे माटुंगा रोड. आबा असते तर तिसरंच नाव सांगून दोघांना गप्प केलं असतं, यावर दोघांचं एकमत झालं.

अडीच ते पाच

परतीचा प्रवास हलका. डब्यांची खडखड सकाळी नसते ती आता असते. पूर्वी पगाराच्या दिवशी लोक पाकीट रिकाम्या डब्यात घालून घरी पाठवत, कारण खिसा कापला जाईल पण डबा कोण चोरतो? चष्मे, औषधाच्या चिठ्ठ्या, नवऱ्यानं बायकोला लिहिलेलं ‘आज उशीर होईल’, सगळं यातून गेलेलं आहे. हल्ली मोबाइल आहेत. तरी त्या दिवशी एका डब्यात सोनचाफ्याचं फूल होतं. कोणी कोणासाठी ठेवलं, ते नेणाऱ्यांनी विचारलं नाही.

पार्ल्याला पावसाची सर आली. पुतण्यानं डब्यांवर प्लॅस्टिक बांधलं, स्वतः भिजला. गल्लीत शिरताना त्यानं नकळत दोनदा घंटी वाजवली, आबांसारखी. पहिल्या मजल्यावरची एक बाई खिडकीत आली, त्याला पाहून थबकली, मग म्हणाली, “अरे, तू होय. थांब, टॉवेल देते.”

गटाची मिळकत एकत्र होते आणि सगळ्यांत सारखी वाटली जाते, कोणी पंचवीस डबे वाहो की पस्तीस. आबांचा वाटा सध्या त्यांच्या बायकोकडे जातो. लाइनीला किंमत असते. गिऱ्हाइकं बांधून ठेवायला वर्षं लागतात, ती विकत घेता येतात, मुलाला किंवा पुतण्याला देता येतात. आबांची लाइन पुतण्यानं घ्यायची तर काकूला किती आणि कधी द्यायचे, हे आषाढीच्या आधी बसून ठरायचं आहे. मुकादम म्हणतात पोराला दोन वर्षं मुदत द्या. पोराचे वडील म्हणतात एक पुरे. मधल्या काळात त्याला लाइन वाढवावी लागेल, आणि नरिमन पॉइंटची कितीतरी ऑफिसं बांद्रा-कुर्ला संकुलाकडे गेली आहेत. माझ्यासारखे उरलेले, आठवड्यातले दोन-तीन दिवस जाणारे. मोडका आठवडा या धंद्याला सोसत नाही.

पाचला तो आमच्या दारात. सासूबाईंनी चहा ठेवलाच होता. त्यांनी विषय काढला की खालच्या मजल्यावरच्या मुलाला बीकेसीला डबा हवाय, नेशील का? पुतण्यानं पटकन हो म्हटलं नाही. डबा बांद्र्याला उतरवून दुसऱ्या गटाच्या हाती द्यावा लागेल, मुकादमांना विचारावं लागेल. त्यानं तिथेच फोन लावला, दोन मिनिटं ‘व्हय, व्हय’ केलं आणि दर सांगितला. सासूबाईंना तो जास्त वाटला. त्या म्हणाल्या, “आबा तर आमच्याकडून नेहमी शंभर कमी घ्यायचे.”

पुतण्यानं लेंग्याला हात पुसले, प्लॅस्टिकच्या पिशवीतून ती लांबट वही काढली, एक पान शोधलं आणि बोट ठेवलं.

“न्हाई काकू. इथं पुरे लिहिलेत. आणि तुमचे मार्चचे राहिलेत.”

सासूबाई चष्मा लावून पान पाहू लागल्या. मग पाकीट आणायला आत गेल्या.